दहा रुपयांची बाटली आणि सोलापूरचं ऊन

शीतपेयांच्या पॅकिंगच्या बाजारपेठेवर जे अहवाल निघतात ते अब्जांत बोलतात आणि पुढच्या दहा वर्षांचा आलेख वर चढताना दाखवतात. अक्कलकोट रोडवर किंवा चिंचोळी एमआयडीसीत गाळा घेऊन सोडा, जिरा मसाला नाहीतर डाळिंबाचं सरबत भरू पाहणाऱ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याचे प्रश्न साधे असतात. बाटली कशाची घ्यायची, किती मिलीची, किती ग्रॅमची, आणि मे महिन्यात विजापूर रोडवरच्या पानटपरीबाहेर ती आठ दिवस उभी राहिली तर आतल्या मालाचं काय होईल? बाजारात जे बदल चाललेत त्यांतले कोणते सोलापूरच्या छोट्या उद्योजकानं उचलावेत आणि कोणते मोठ्या कंपन्यांकडे सोडून द्यावेत, एवढंच इथे पाहू.

नवा माणूस आधी चव ठरवतो, मग नाव, मग लेबलचं डिझाइन, आणि सगळं झाल्यावर बाटली शोधायला निघतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पाणी, साखर, स्वाद आणि गॅस यांची बेरीज केली तरी बहुतेक वेळा बाटली, झाकण आणि लेबल मिळून त्यापेक्षा महाग पडतात. शिवाय बाटली ठरली की किंमत, टिकाऊपणा, किती लांब माल पाठवायचा आणि कोणत्या दुकानात ठेवायचा हेही जवळजवळ ठरून जातं. चव नंतर सुधारता येते, पण चुकीच्या बाटलीसाठी घेतलेलं मशीन बदलता येत नाही.

दहाच्या नोटेचा हिशेब

१९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. २००३ च्या सुमारास तिनं पाच रुपयांत २०० मिलीची बाटली देऊन गावोगावचं गिऱ्हाईक ओढलं. ती बाटली काचेची होती आणि दुकानदाराकडे परत जायची. रिलायन्सनं २०२२ मध्ये कॅम्पा विकत घेतला, २०२३ मध्ये बाजारात उतरवला आणि २०० मिली दहा रुपयांना लावली. पंजाबातून आलेला लाहोरी जीरा याच दहाच्या किमतीवर देशभर पोचला. या बाटल्या प्लास्टिकच्या, म्हणजे पेटच्या, आणि एकदाच वापरायच्या. स्वस्त माल काचेतून पेटमध्ये गेला, हा गेल्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल. गिऱ्हाइकाला रिकामी बाटली परत करायची कटकट उरली नाही, दुकानदाराला क्रेट सांभाळायचे नाहीत, आणि एसटीत बसताना बाटली हातात घेऊन चढता येतं.

त्यामुळे तुमची पहिली स्पर्धा चवीशी नसून दहाच्या नोटेशी आहे. हिशेब किमतीपासून मागे करत या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. साखर किंवा स्वाद घातलेल्या सोडायुक्त पेयावर ४० टक्के कर लागतो. दहा रुपये एमआरपीत करासकट सगळं येतं, म्हणजे करापूर्वीची रक्कम उरली ७ रुपये १४ पैसे. दुकानदार आणि एजन्सी मिळून समजा दोन रुपये घेतात. उरलेल्या पाच रुपये चौदा पैशांत बाटली, झाकण, लेबल, साखर, गॅस, वीज, मजुरी, टेम्पोचं भाडं, फुटतूट आणि तुमचा नफा बसवायचा. मोठी कंपनी हे एका ओळीत हजारो बाटल्या भरून जमवते. तुमचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन ते जमवू शकत नाही, हे आधी मान्य करा. दहाच्या बाटलीत कोलाच विकायचा हट्ट असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. फळाच्या रसाचं, पण गॅस नसलेलं पेय असेल तर त्यावरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दहा रुपयांत करापूर्वीची रक्कम होते ९ रुपये ५२ पैसे. म्हणजे त्याच डाळिंबाच्या रसात गॅस सोडला की फळाचं सोडापेय म्हणून ते ४० टक्क्यांत जातं आणि दर दहा रुपयांमागे २ रुपये ३८ पैसे जास्तीचे सरकारजमा होतात. फळाच्या पेयात फेस आणणं ही सध्याची फॅशन आहे. सोलापूरच्या छोट्या माणसानं ती फॅशन करायची की नाही, याचं उत्तर या दोन रुपये अडतीस पैशांत आहे. त्यात गॅस धरून ठेवायला जाड बाटली लागते, तो खर्च वेगळाच.

इथे तीन खाचा आहेत. एक, सोडावॉटर बनवणाऱ्याला जीएसटीची कंपोझिशन योजना मिळत नाही, त्यामुळे 'लहान धंदा आहे, एक टक्क्यात भागेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन, फळाचा रस नसलेलं आणि गॅसही नसलेलं पेय आपोआप ५ टक्क्यांत बसत नाही, त्याचं वर्गीकरण बघावं लागतं. जिऱ्याचं पाणी, मसाला पेय असं काही काढणार असाल तर सीएकडून लेखी मत घ्या. तीन, रसावर ५ टक्के पण प्रीफॉर्म (जी फुगवून बाटली होते ती जाड नळी), झाकण, लेबलवर त्याहून जास्त, असं झालं की खरेदीवरचा कर तुमच्या खात्यात साठत जातो. त्याच्या परताव्याची चौकशी पहिल्याच वर्षी करा. दर बदलत राहतात, म्हणून माल काढण्याआधी ताजा दर पाहणं हे ओघानं आलंच.

माप निवडायला मात्र आता मोकळीक आहे. वजनमापांच्या नियमांत पूर्वी शीतपेयासाठी ठरावीक मिलीच असायचे. ती अनुसूची २०२२ मध्ये निघाली. त्यामुळे १६० मिली, १८० मिली, काहीही भरता येतं. फक्त एमआरपीबरोबर दर मिलीची किंमतही बाटलीवर छापावी लागते. कमी मिली भरून बाटली मोठी दिसेल अशी घेण्याचा मोह टाळा. सोलापूरचं गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन हलवून बघतं.

चाळीस अंशांवरची बाटली

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो आणि कधीकधी ४४ ला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत तो त्याहून बराच वर जातो. पॅकिंगवर जे काही वाचाल ते बहुधा एसी गोदामात बसून लिहिलेलं असतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

कोलासारख्या पेयात साधारण चार 'व्हॉल्यूम' गॅस असतो, म्हणजे एक लिटर पेयात चार लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला. पेय गरम झालं की तो आत राहायला तयार नसतो. २० अंशांला बाटलीत जेवढा दाब असतो त्याच्या दीडपटीहून बराच जास्त दाब ४० अंशांला होतो. त्याच वेळी पेट मऊ पडायला लागतं. साधारण ७५ अंशांना ते पार सैल होतं, पण त्याच्या कितीतरी आधी, दाबाखाली, ते हळूहळू ताणलं जातं. परिणाम डोळ्यांना दिसतात. बाटली फुगते, पेयाची पातळी खाली गेल्यासारखी वाटते, लेबल सुटतं, आणि पाच पाकळ्यांचा तळ बाहेर येऊन बाटली सरळ उभी राहत नाही. फुटली नाही तरी दुकानदार असा माल परत करतो.

म्हणून प्रीफॉर्म विकत घेताना फक्त 'किती रुपये किलो' विचारू नका. पाण्याच्या बाटलीचा प्रीफॉर्म हलका असतो. त्यात सोडा भरून पैसे वाचवायचा प्रयोग सोलापुरात फेब्रुवारीत यशस्वी होतो आणि एप्रिलमध्ये अंगाशी येतो. सोड्यासाठीचा प्रीफॉर्म वेगळा, त्याची ग्रॅमेज जास्त, आणि रेझिनही सोड्याच्या ग्रेडचं हवं. तोंडाचा आकार म्हणजे नेक फिनिश कोणता हे लिहून घ्या. २८ मिमीचं तोंड दोन प्रकारचं येतं, जुनं उंच आणि नवं बुटकं. बुटक्या तोंडात आणि त्याच्या झाकणात प्लास्टिक कमी जातं, म्हणून जगभर उद्योग तिकडे वळला आहे. दोन्हींची झाकणं एकमेकांना चालत नाहीत. एका व्यापाऱ्याकडून प्रीफॉर्म आणि दुसऱ्याकडून स्वस्त झाकण घेतलं आणि जोडी जमली नाही, तर गॅस रात्रीतून निघून जातो आणि दोष भरणाऱ्या पोराला मिळतो.

लहान बाटलीचा आणखी एक तोटा असतो, तो दहाच्या किमतीवाल्यानं समजून घ्यायला हवा. पेटमधून गॅस झिरपतो. २०० मिलीच्या बाटलीत दर मिलीमागे दोन लिटरच्या बाटलीपेक्षा दुपटीहून जास्त पृष्ठभाग असतो, म्हणून छोटी बाटली लवकर बेचव होते. मोठ्या कंपन्या आतून अतिशय पातळ थर देऊन यावर मात करतात. तुमच्याकडे ते तंत्र नाही, तेव्हा उपाय एकच: छोटी बाटली लवकर विकली जाईल एवढाच माल काढा आणि मुदत कमी छापा.

किती मुदत छापायची हे शेजाऱ्याच्या लेबलवरून उचलू नका. स्वतः मोजता येतं, खर्चही फारसा नाही. सराफाकडे असतो तसा शंभरांश ग्रॅमपर्यंतचा काटा घ्या. चार व्हॉल्यूमच्या २०० मिली पेयात सुमारे दीड ग्रॅमच्या थोडा वर गॅस असतो. भरलेल्या दहा-बारा बाटल्यांना नंबर टाका, वजन लिहा, आणि निम्म्या सावलीत, निम्म्या पत्र्याखाली ठेवा. शेजारी साधं पाणी भरलेल्या दोन बाटल्या ठेवा, कारण प्लास्टिकमधून थोडी वाफही जाते. दर आठवड्याला वजन करा. पाण्याच्या बाटलीची घट वजा केली की उरली ती गॅसची घट. पाव ग्रॅम गॅस गेला म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास गेला. त्या वजनाची बाटली थंड करून चार माणसांना प्यायला द्या. चौघांनी 'सपक' म्हटलं तर तुमची मुदत त्याआधी संपायला हवी. दोऱ्यानं बाटलीचा घेरही मोजत जा, फुगवटा कळतो.

डाळिंबाच्या रसाची गोष्ट उलटी आहे. तिथे शत्रू दाब नाही, हवा आणि उष्णता आहेत. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडून फुटकं आणि लहान फळ बाजारात मातीमोल जातं, त्याचा रस काढायचा विचार अनेकांच्या डोक्यात असतो आणि तो चांगलाच आहे. पण डाळिंबाचा लाल रंग नाजूक असतो. प्राणवायू, उजेड आणि उष्णता लागली की तो तपकिरी व्हायला लागतो, आणि पेटमधून प्राणवायू आत येतो. पारदर्शक पेट बाटलीत लालभडक रस पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो. दुकानाच्या पायरीवर दोन महिने काढल्यावर तो कसा दिसतो हे आधी पाहा, मग ऑर्डर द्या.

दुसरी अडचण भरण्याची. रस टिकवायला तो ८५-९० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच भरायचा, ही जुनी आणि भरवशाची पद्धत. साध्या पेट बाटलीत इतकं गरम भरलं तर ती आक्रसते, वेडीवाकडी होते. गरम भरणीसाठीची पेट बाटली वेगळी, जास्त जाड आणि महाग असते, तिच्या अंगावर पट्टे असतात. पॉलिप्रॉपिलीनची बाटली उष्णता सोसते, पण हवा आत येऊ देण्यात ती पेटहून वाईट. म्हणून सुरुवातीला मी काचेकडे बोट दाखवेन. काचेतून हवा येत नाही, गरम भरता येतं, आणि घट्ट झाकण लावून गार केलं की आत निर्वात तयार होतो. फक्त थंड बाटलीत एकदम उकळता रस ओतू नका, बाटली आधी कोमट करून घ्या, आणि गार करतानाही टप्प्याटप्प्यानं करा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. डाळिंबाच्या रसावर आणि प्रक्रियेवर तिथे काम झालं आहे. मशीनवाल्याच्या ब्रोशरवर विश्वास ठेवण्याआधी तिथे एक चक्कर मारा, घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. ते चिन्ह बाटलीवर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नुसतं सोलापुरात राहतो म्हणून छापता येत नाही.

काच, कॅन आणि खोका

परत येणाऱ्या काचेचा धंदा अंतरावर चालतो. पुण्याच्या कॅम्पातली अर्देशीर अँड सन्स ही सोडा कंपनी १८८४ पासूनची, तिची रास्पबेरी आणि जिंजर अजून काचेच्या बाटलीत मिळते, कारण तिचं गिऱ्हाईक जवळपास आहे. बाटली भरून गेली ती रिकामी होऊन त्याच टेम्पोतून परत आली पाहिजे. सोलापूर शहर, फार तर मोहोळ आणि अक्कलकोटपर्यंत हे जमेल. लातूर-विजापूरला जाणारी काच परत येत नाही. धुण्याचा खर्च विसरू नका: गरम कॉस्टिक, भरपूर पाणी, आणि तपासणीसाठी उजेडासमोर बसलेला माणूस. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात बाटली धुण्याच्या पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो.

गोटी सोडा पुन्हा फॅशनमध्ये आला आहे. ही बाटली १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरनं काढली, आपल्याकडे ती जत्रांनी जगवली. २०२५ मध्ये केंद्राच्या अपेडा या संस्थेनं गोटी सोड्याच्या निर्यातीची जाहिरात केली, आखाती देशांतल्या आणि अमेरिका-ब्रिटनमधल्या दुकानांत तो गेला. इथे लग्नाच्या मांडवात आणि हॉटेलात वीस-तीस रुपयांना तो विकला जातो, कारण लोक फट् आवाजाचे पैसे देतात. छोट्या उद्योजकाला हा बाजार दहाच्या बाटलीपेक्षा कितीतरी सोयीचा आहे. फक्त काचेची जुनी, तडा गेलेली बाटली दाबानं फुटते आणि डोळ्याला इजा करते. भरताना जाळी लावा, भरणाऱ्याला गॉगल द्या, ओरखडे पडलेली बाटली बाद करा. लहान पोरांना या कामाला लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

ॲल्युमिनियमचा कॅन शहरी दिसतो, लवकर गार होतो आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. महाराष्ट्रात तळोजा आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कॅनचे कारखाने आहेत. पण छापील कॅनची ऑर्डर लाखांत द्यावी लागते. मधला मार्ग म्हणजे साधा चंदेरी कॅन घेऊन त्यावर स्टिकर किंवा श्रिंक स्लीव्ह चढवणं, आणि भरण्यासाठी दुसऱ्याची लाइन भाड्यानं घेणं. गॅस नसलेला रस कॅनमध्ये भरायचा तर आत द्रव नायट्रोजनचा थेंब टाकावा लागतो, नाहीतर कॅन हाताच्या दाबानं चेपतो. हे काम घरगुती नाही.

खोक्याचं पॅकिंग आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटीनं रुळवलं. त्याचं कागद-मटेरियल चाकणला बनतं, पण भरण्याचं यंत्र कोटींच्या घरातलं, तेव्हा दुसऱ्याकडून भरून घेणं एवढाच पर्याय. उभ्या राहणाऱ्या पाऊचमध्ये कोकम आणि आमरस विकून पेपर बोटनं देशी सरबताला किंमत मिळवून दिली. ते पॅकिंग मला रसासाठी आवडतं, कारण हलकं आहे आणि हवा रोखतं. मात्र ते अनेक थरांचं असतं, भंगारवाला त्याला हात लावत नाही.

लेबल

एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे लागतो, त्याचा चौदा आकडी नंबर लेबलवर येतो. घटक, पोषणमूल्यं, हिरवा ठिपका, बॅच नंबर, तारखा, निव्वळ माप, पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन, हे सगळं लागतंच. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. पहिली चूक भाषेची: सगळं लेबल फक्त मराठीत काढतात. नियमाप्रमाणे सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी टाका. आणि टाकाच, गिऱ्हाईक तेच वाचतं. दुसरी चूक चित्राची. गॅसवाल्या फळपेयात रस किमान १० टक्के हवा, लिंबाच्या बाबतीत ५. त्याहून कमी, पण ५ टक्क्यांपर्यंत (लिंबाला अडीच) असेल तर नावच बदलतं, ते 'फळाचा रस असलेलं सोडापेय' होतं. रस अजिबात नसताना फोडलेल्या डाळिंबाचं चित्र छापलं तर नोटीस येते. कॉन्सन्ट्रेटपासून केलेल्या रसावर 'शंभर टक्के रस' लिहायला २०२४ पासून मनाई आहे.

एमआरपीच्या वर 'कूलिंग चार्ज' म्हणून दोन रुपये घेणारे दुकानदार अजून आहेत. ते बेकायदा आहे आणि शिव्या तुमच्या ब्रँडला बसतात. त्यापेक्षा दुकानदाराला मार्जिन थोडं जास्त द्या आणि एमआरपी ठळक छापा.

पुरवठादाराकडून कागद मागायचे ते असे: प्लास्टिक अन्नाच्या संपर्कासाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र (पेटसाठी आयएस १२२५२) आणि मायग्रेशन चाचणीचा (प्लास्टिकमधलं काय पेयात उतरतं ते पाहणारी) अहवाल, जो आयएस ९८४५ प्रमाणे होतो. 'सगळे घेतात साहेब, आजवर कुणी विचारलं नाही' असं उत्तर मिळालं तर दुसरा पुरवठादार शोधा. मोठी शंका असेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, तिथे बाटलीची चाचणी करून मिळते.

रिकामी बाटली

मोठ्या कंपन्या आता पुनर्वापरित पेटच्या बाटल्यांची जाहिरात करतात. त्यामागे हौस कमी, कायदा जास्त. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्वापरित माल, आणि वाढत वाढत २०२८-२९ साठी ६० टक्के, असं लक्ष्य ठेवलं गेलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी पुढे वेगळी सोय केली आहे. तिचा लाभ घ्यायचा तर उद्यम नोंदणी हातात हवी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयात जाऊन आपल्याला नेमकं काय लागू आहे ते लेखी विचारून घ्यावं. पुनर्वापरित पेटचा प्रीफॉर्म कुणी स्वस्तात देऊ केला तर मात्र सावध. अन्नासाठी मान्यता असलेलं पुनर्वापरित पेट सहसा नव्यापेक्षा स्वस्त नसतं. स्वस्त आहे म्हणजे ते कुठल्यातरी धाग्याच्या किंवा पट्टीच्या कारखान्यासाठीचं असणार.

तुम्हाला फुकटात करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे बाटली पारदर्शक ठेवणं. रंगीत पेटला भंगारात भाव कमी मिळतो, म्हणून कचरा वेचणाऱ्या बायका ती मागे ठेवतात. २०२२ मध्ये अमेरिकेत स्प्राइटनंसुद्धा आपली ओळखीची हिरवी बाटली सोडली. पूर्ण अंगभर प्लास्टिकचा स्लीव्ह चढवू नका, विशेषतः पीव्हीसीचा. तो पेटच्या पुनर्वापराचा माल बिघडवतो. छोटं, सहज सुटणारं लेबल पुरतं. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर परत-खरेदीची किंमत छापायची कल्पना होती, ती दुकानात कधी नीट उतरली नाही. गोव्यानं २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे. गोव्यात माल पाठवायचा विचार असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा, लेबल बदलावं लागू शकतं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत आणि आषाढीला पंढरपुरात बाटली न भरताच विकायचा विचार करा. फाउंटन मशीन, गॅसचा सिलिंडर आणि धुवून वापरायचे काचेचे ग्लास, एवढ्यावर लिंबूसोडा उत्तम चालतो, आणि बाटली-झाकण-लेबलचा सगळा खर्च वाचतो. प्लास्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा ते आणू नका.

पैसे आणि वेळ

पहिल्या वर्षी बाटली फुगवायचं मशीन घेऊ नये असं मला वाटतं. तयार बाटली महाग पडते हे खरं, ती आणताना टेम्पोत हवाच जास्त असते. तरीही एक उन्हाळा तयार बाटलीवर काढा. किती खप होतो, कुठल्या मापाला मागणी आहे, किती माल परत येतो हे कळल्यावर मशीनची क्षमता ठरवता येते. प्रक्रिया उद्योगासाठी पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत आलं आहे. योजना सध्या सुरू आहे का आणि तुमचं पेय तिच्यात बसतं का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून मगच बँकेत जा. अनुदान गृहीत धरून मशीनचा ॲडव्हान्स देणं धोक्याचं.

वेळापत्रक उलटं लावा. बाटलीची खरी परीक्षा मे महिन्यातच होते, त्यामुळे या मे मध्ये पाच-सहाशे बाटल्या भरून ओळखीच्या दहा-पंधरा दुकानांत विक्रीसाठी नव्हे, चाचणीसाठी ठेवा, काही उन्हात, काही सावलीत, परत आलेल्या प्रत्येकीचं कारण वहीत लिहा. पावसाळ्यात लेबल आणि परवान्याची कामं उरका. दिवाळीनंतर प्रीफॉर्म आणि झाकणांचे भाव दोन-तीन ठिकाणांहून मागवा. प्रीफॉर्मचा भाव कच्च्या तेलाच्या मागे हलतो आणि फेब्रुवारीनंतर मोठ्या कंपन्यांची मागणी निघाली की छोट्याला माल वेळेवर मिळत नाही. ऑर्डर डिसेंबरात द्या, त्यात प्रीफॉर्मची ग्रॅमेज, तोंडाचा आकार आणि रेझिनची ग्रेड लिहून घ्या, आणि माल आला की बिलावर सही करण्याआधी प्रत्येक पोत्यातले दोन-चार प्रीफॉर्म त्याच सराफी काट्यावर टाकून बघा.